लाजरीचं मडकं

१

मडकं जागच्या जागी होतं. गळ्याला गेरूचा पट्टा होता, तोंडावरचा चिखल कडक वाळलेला होता. आतली ज्वारी मात्र दुसरीच होती.

शनिवारी सकाळी इंदूबाईंनी टेंभूरझिऱ्याच्या विहारामागची खोली उघडली. सोमवारी पाहुणे यायचे होते, त्यांना दाखवायला मूठभर बियाणं काढून ठेवावं एवढाच विचार. खुरपीच्या टोकानं त्यांनी चिखल फोडला, झाकणी उचलली, कडुनिंबाचा वाळका पाला बाजूला केला. खाली राखेत मुरलेली ज्वारी. ओंजळीत घेऊन त्यांनी फुंकर मारली. राख उडाली आणि हातात राहिले पांढरेशुभ्र, गोल, टपोरे दाणे. शुक्रवारच्या बाजारात पोत्यानं मिळतात तसे.

इंदूबाई तिथंच जमिनीवर बसल्या.

लाजरीचा दाणा असा नसतो. तो सायीच्या रंगाचा, बारका, अर्धं अंग काळ्या टरफलात लपवून बसलेला. कणीस भरलं की मान खाली घालतं, म्हणून तिचं नाव लाजरी. इंदूबाई नर्स म्हणून या गावात आल्या तेव्हा अचलपूरच्या रस्त्यापासून टेकडीपर्यंत अशा माना घातलेली शेतंच शेतं होती. हुरड्याच्या दिवसांत गावावर धुराचा गोड वास बसायचा. मग संकरित आली, मग सोयाबीन, मग संत्रा, आणि लाजरी कोणाच्या तोंडीही राहिली नाही.

आता हवामान असं फिरलंय की ऐन सोंगणीत, कापणीच्या वेळी, पाऊस येतो आणि उभ्या कणसांची ज्वारी काळी पडते. मान घातलेल्या कणसावरून मात्र पाणी ओघळून जातं. मागच्या दोन्ही हिवाळ्यांत सगळ्या गावाची ज्वारी काळी झाली, मंडळाच्या तुकड्यावरची लाजरी तेवढी उजळ राहिली. आता तिचं बियाणं म्हणजे हे एकच मडकं.

त्या बळावर बायकांच्या बियाणे मंडळानं अर्ज केला होता. गावोगावच्या मंडळांना, संस्थांना बदलत्या हवेत तगणारं बियाणं, रानझाडं, पाणवठे सांभाळायला पैसे देणारा एक निधी होता. त्या निधीच्या मॅडम सोमवारी लाजरी डोळ्यांनी पाहणार होत्या. मिळालं तर पक्की खोली, कुंपण, दरवर्षी पेरा. नाही मिळालं तरी इंदूबाईंनी पोट आवळून घेतलं असतं. पण मडक्यातलं बियाणंच गेलं, तर पुन्हा अर्ज तरी कशाचा करायचा?

त्यांनी झाकणी ठेवली, चिखल कालवला, तोंड पुन्हा लिंपलं. आणि आयुष्यभर अशा वेळी जिकडे पाय वळायचे तिकडेच वळले, पार्बताबाईच्या अंगणाकडे.

पार्बताबाई मेथीच्या जुड्या बांधत होती. मंडळाची अध्यक्ष ती. लाजरीचं पहिलं पसाभर बियाणं तिनंच माहेराहून, मोर्शीकडून आणलेलं. खोलीची किल्ली तिच्या दाराच्या खुंटीला असायची, ज्याला हवी त्यानं काढावी.

"पार्बते, लाजरी गेली," इंदूबाई म्हणाल्या. "मडक्यात संकरित भरून ठेवली कोणी."

पार्बताबाईच्या हातातली जुडी सुटली. बराच वेळ ती दोरा शोधत राहिली.

"कोणाले सांगतलं?"

"तुलेच."

"मंग सांगू नको. मॅडमले काय समजते? ज्वारी ते ज्वारी. लांबून पाहून जाईन."

"अन् पेरशील काय पावसाळ्यात? मॅडम?"

पार्बताबाई सुटलेली जुडी पुन्हा बांधायला लागली. इंदूबाईंना वाटलं, हिला धक्का बसला. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. ही मडकं पाहायला उठली कशी नाही, हे त्या घडीला त्यांच्या मनातही आलं नाही.

२

गावात मंडळाचं वाईट चिंतणारा माणूस शोधायला लांब जावं लागत नव्हतं. पंजाबरावांना ती खोली संत्र्याची खोकी ठेवायला हवी होती, आणि ते हे पानठेल्यावर रोज सांगत.

"या नर्सबाई!" पंजाबराव ओसरीवर दाढी करत होते. "काय म्हणते तुमचं मडकं-मंडळ? मडक्यात ज्वारी ठेवली का सरकार पैसे देते म्हणे. आमी मूर्ख, शेतात पेरत बसलो."

"सरकार नाई, निधी हाय तो."

"पैसा तर पैसाच ना!"

"पंजाबराव, तुमच्या घरची ज्वारी पाहू द्या जरा."

"कावून? लग्न जमवता का तिचं?" हसता हसता त्यांनी गाल कापून घेतला. पण उठून कोठीचं दार उघडून दिलं. आत पत्र्याच्या टाक्या. झाकण काढताच उग्र वास नाकात शिरला.

"गोळी टाकतो आमी," पंजाबराव म्हणाले. "किडा तं सोडा, उंदीर जवळ येत नाई. तुमचा तो पाला अन् राख कोण करत बसते? माही माय करे. तिच्यासंगं गेलं ते."

इंदूबाईंनी मूठभर ज्वारी काढली. पांढरी, टपोरी, त्या मडक्यातल्यासारखीच. पण अख्ख्या गावात ज्याच्या घरी पाहाल त्याच्याकडे हीच होती. फरक एवढाच की हिला गोळीचा वास येत होता. मडक्यातलीला कडुनिंबाचा होता.

"एक सांगू नर्सबाई?" पंजाबरावांनी आवाज खाली केला. "खोली मले पाहिजे, हे खरं. पण तुमची ज्वारी मान घालून उभी राहते ना, तवा माह्या मायची याद येते. तिले मी हात लावणार नाई."

या माणसाला इंदूबाईंनी लहानपणी देवीची लस टोचली होती. खोटं बोलला की तेव्हाही त्याचे कान लाल व्हायचे. आज कान जसेच्या तसे होते.

मडकं भरणाऱ्यानं राख टाकली होती, पाला टाकला होता, चिखल लिंपला होता. म्हणजे हात मंडळातल्या बाईचा होता.

इंदूबाई ओसरीची पायरी उतरल्या आणि शाळेकडे वळल्या.

३

साधना मंडळाची चिटणीस. अकोल्याची मुलगी, लग्न होऊन इथं आलेली. अर्ज तिनं भरले, फोटो तिनं काढले. ती शाळेच्या वऱ्हांड्यात सोमवारसाठी फलक रंगवत होती, आणि शेजारी खुर्चीवर योगेश बसला होता.

योगेश अकोल्यातल्या एका मोठ्या संस्थेचा कार्यकर्ता. लहान मंडळांना अर्ज लावून द्यायचे हे त्याचं काम. गोड बोलायचा, वाकून नमस्कार करायचा, बायकांनी दिलेली भाकर मांडी घालून खायचा. आज त्याच्या उजव्या हाताला रुमाल गुंडाळलेला होता.

"काय झालं रे हाताले?"

"काही नाही मावशी. गाडीचा सायलेन्सर लागला."

"हाताले? लोकाईच्या पायाले लागते."

"गाडी पडली ना, उचलायला गेलो." तो हसला. रुमालाच्या वर, मनगटाकडे, ओघळ उतरावा तशी एक काळपट रेघ गेली होती आणि तिच्या कडेनं बारीक फोड आले होते. इंदूबाईंनी ती पाहिली. योगेशनं बाही खाली ओढली. "मावशी, परवा मी मॅडमसोबतच येतो. तुम्ही बिनधास्त राहा."

त्याची गाडी गेल्यावर इंदूबाई फलकाजवळ बसल्या. "साधना, याची संस्था आपल्याले फुकट मदत करते. त्याईचं कसं भागते?"

"त्याईनंबी यंदा अर्ज केला, बाई. त्याच निधीत. देशी ज्वारीवरच."

"अन् आपलं नाई झालं तं?"

साधनानं कुंचला डब्यात ठेवला. "या भागातून एकच घेणार हायत. आपलं नाई तं त्याईचं होईन." मग ती चपापली. "पण ते आपले हायत, बाई. योगेशभाऊ तसे नाईत."

इंदूबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. राख, पाला, चिखल या पोरीलाही येत होतं. "मडकं कसं भरतो आपण, मॅडमनं विचारलं तं काय सांगशील?"

साधनानं शाळेतल्या कवितेसारखं म्हणून दाखवलं. "आधी गोवऱ्याची राख, मंग बियाणं, राखेत चांगलं मुरवायचं. वरतून कडुनिंबाचा पाला. पाल्यावर बिब्बे, किड्यायसाठी. ते तुमी ठेवता. मंग झाकणी, अन् पार्बतामावशी चिखल लिंपते. गेल्या वर्षी तुमी अमरावतीले होत्या, तं बिब्बे मी ठेवले. बरोबर ना, बाई? बाई?"

इंदूबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. सकाळी त्यांनी झाकणी काढली होती, पाला बाजूला केला होता. पाल्यावर काहीच नव्हतं.

४

खोलीत फळीवर बिब्ब्यांचा डबा होता. इंदूबाईंनी तो उघडून पाहिला. काठोकाठ भरलेला.

त्या डब्याकडे पाहत त्या बसून राहिल्या. ज्याला रीत ठाऊक नाही तो राख-पाल्याच्या भानगडीतच पडणार नाही. ज्याला ठाऊक आहे तो बिब्बे सोडणार नाही, डबा हाताशी आहे. साधनानं केलं असतं तर बिब्बे असते. मग सगळी रीत पाळून एवढंच कोण सोडेल?

आणि जमिनीवर राखेचा कण नव्हता. लाजरी इथं कोणी उपसली नव्हती. मडकंच्या मडकं उचलून नेलं होतं आणि दुसरं, घरून भरून लिंपलेलं, त्या जागी ठेवलं होतं. बिब्बे असलेल्या त्या मडक्यात हात घालायची नेणाऱ्याची तयारीच नव्हती.

तेव्हा त्यांना ती बाळंतीण आठवली.

पार्बताचं पहिलटकरपण. दवाखाना म्हणजे एक खोली, रस्ता म्हणजे चिखल, आणि सासूनं रिवाजाप्रमाणे सुनेच्या कंबरेला बिब्बा लावलेला. दुसऱ्या दिवशी पार्बताचं अंग सुजून डोळे मिटले होते. फोडांतून पाणी वाहत होतं. इंदूबाई तिच्या उशाशी बसून राहिल्या, खोबरेल लावत राहिल्या, बाळाला मांडीवर घेत राहिल्या. आपल्या आईनं सांगितलेले उपाय केले, पुस्तकातले केले. पार्बता जगली. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिली गोष्ट मागितली ती वचन. "कोणाले सांगू नको, इंदू. बिब्बा सोसत नाई म्हंटलं तं गावच्या बाया हसतीन. नाजूक सून म्हणतीन."

इंदूबाईंनी सांगितलं नाही. मंडळ निघालं तेव्हा त्याच म्हणाल्या, बिब्बे मी ठेवणार, माझा हात हलका आहे. सगळ्यांना ती नर्सबाईची हौस वाटली. पार्बता नुसती चिखल लिंपायची, आणि दोघींची नजरानजर झाली की गालात हसायची.

रविवारी दुपारी इंदूबाई तिच्या घरी गेल्या. शुभम, तेव्हा मांडीवर घेतलेलं ते बाळ, आता डोक्यावरचे केस विरळ झालेला माणूस, बाहेर भाजीचे कॅरेट धूत होता. पार्बताबाई चुलीशी होती. इंदूबाईंनी पदराची गाठ सोडली आणि चार बिब्बे जमिनीवर ठेवले.

"मडक्यात टाकायचे राहिले तुह्याकडून. टाकून ये."

पार्बताबाईनं बिब्ब्यांकडे पाहिलं. मग इंदूबाईंकडे. मग दार लोटून घेतलं.

"तुले माहीत हाय मले ते जमत नाई."

"मलेच माहीत हाय. आणखी कोणाले नाई. म्हणूनच दुसरं कोणी धरलं नसतं तुले."

चुलीतलं लाकूड फुटलं. पार्बताबाईनं ते मागं ओढलं, विझवलं, राखेकडे पाहत बोलायला लागली. "योगेश म्हणे, मॅडम काई उघडून पाहत नसतात. आमाले बियाणं द्या, आमी शंभर गावात नेऊ. अन् शुभमले कार्यकर्ता म्हणून घेऊ. नोकरी, इंदू. पगार. पोरगी पाहायले गेलो का पहिले विचारतात, नोकरी काय? भाजी विकतो म्हंटलं का चहाबी अर्धा ठेवून उठतात. गावातले किती पोरं तसेच म्हातारे होऊन राहिले, तू पाहते ना?"

"मले विचारलं असतं."

"तुले काय विचारू? तुले पेन्शन हाय. तू लाजरीसाठी रडू शकते. मले पोराचं पाहा लागते." तिनं विझलेलं लाकूड चुलीत आपटलं. "अन् ज्वारी माह्या मायची होती. माह्या मायची."

इंदूबाईंना वाटत होतं, आपण ओरडू. पण त्या एवढंच म्हणाल्या, "काल मी गावात चोर शोधत हिंडलो, पार्बते. पंजाबरावची टाकी हुंगली. साधनाचा संशय घेतला. तू मेथी बांधत बसली."

बिब्बे त्यांनी एक एक करून परत गाठीत बांधले. दारातून वळून त्या म्हणाल्या, "योगेशच्या हाताले फोड आले. त्यानं मडक्यात हात घातला. त्याले तू सांगतलं नाई, आत काय हाय ते?"

"नाई," पार्बताबाई म्हणाली. "इसरलो."

एवढी वर्षं ती रोज जपत आलेली एक गोष्ट, आणि तीच विसरली म्हणे. इंदूबाईंना खरं वाटलं नाही. पण त्या थांबल्या नाहीत.

५

सोमवारी निधीच्या संध्या मॅडम आल्या. साध्या, उन्हानं रापलेल्या, बायकांच्या मधोमध सतरंजीवर बसणाऱ्या. त्यांनी वाळलेली कणसं हातात घेऊन पाहिली, तुकडा पाहिला, चहा घेतला. पार्बताबाई भिंतीशी बसली होती, पदर नाकापर्यंत ओढून. मॅडम उठायच्या बेतात होत्या.

"मॅडम," योगेश म्हणाला, "एवढ्या लांब आलात, तर लाजरीचं मडकं उघडून घ्या ना. प्रत्यक्ष बियाणं बघणं महत्त्वाचं."

भिंतीशी पदर हलला. पार्बताबाईची मान वर आली होती.

"उघडा की," इंदूबाई म्हणाल्या, आणि मडकं त्यांनी स्वतः आणून मधे ठेवलं. चिखल फोडला. मॅडमच्या ओंजळीत ज्वारी ओतली.

पांढरे दाणे. बायकांमध्ये कुजबूज उठली आणि विझली. साधनाचा चेहरा उतरला. योगेशनं कपाळाला हात लावला.

"मावशी, हे काय? ही तर बाजारातली. मॅडम, मी माफी मागतो, मीच यांची शिफारस केली होती. अशी फसवणूक होईल असं वाटलं नव्हतं."

"योगेश, हात दाखव तुहा," इंदूबाई म्हणाल्या.

"काय?"

"उजवा. रुमाल सोड."

"मावशी, सायलेन्सरचं भाजलंय ते, सांगितलं ना."

"भाजलं तं चट्टा पडते. ओघळाची काळी रेघ पडत नाई, अन् रेघेच्या कडेनं फोड येत नाईत. मॅडम, मी जन्मभर नर्स होतो. हा बिब्बा उतला, त्याचं तेल ओघळलं. या खोलीतल्या दरेक मडक्यात पाल्यावर बिब्बे असतात, पाहून घ्या कोणतंबी उघडून. या एका मडक्यात नाईत, कावून का हे आमचं मडकंच नाई. आमचं मडकं यानं नेलं अन् आत हात घातला. शहरातल्या माणसाले वाटलं, वाळका खजूर हाय."

कोणीतरी बाई खुदकन हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्या योगेशच्या रुमालाकडे पाहत होत्या.

"हे हास्यास्पद आहे," योगेश म्हणाला. "बिब्बा बाजारात कुठंही मिळतो. आणि यांच्या बंद खोलीतलं मडकं मला कोण देईल? सांगा ना. कोणी दिलं?"

हाच प्रश्न येणार हे इंदूबाईंना ठाऊक होतं. उत्तरही ठाऊक होतं. त्यांनी फक्त नाव घ्यायचं होतं. रात्रभर त्यांनी ते तोंडात घोळवलं होतं, आणि आता ते ओठावर येईना. हिच्या बाळंतपणात आपण दिलेलं वचन मोडल्याशिवाय हिचा गुन्हा सांगता येत नव्हता. त्यांनी भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बोला ना, मावशी," योगेश म्हणाला. आता त्याचा आवाज चढला होता. "उगाच संस्थेचं नाव खराब करू नका. खोटारडे लोक आहेत हे, मॅडम. अशांना निधी देणं म्हणजे—"

"मी देलं."

पार्बताबाई उभी होती. पदर खांद्यावर आला होता.

"मी देलं मडकं. हा म्हणे, कोणी उघडत नाई. अन् आता यानंच उघडायले लावलं." ती योगेशसमोर जाऊन उभी राहिली. "आमाले खोटारडे ठरवाचं होतं तुले? माह्या शुभमची नोकरी सांगत होता ना तू, बापू? माह्या हातची भाकर खाऊन?"

योगेश एक पाऊल मागं सरला. मॅडमनी ओंजळीतली ज्वारी मडक्यात परत टाकली, हात झटकले.

"मडकं कुठं आहे?" त्यांनी योगेशला विचारलं.

त्यानं बाही खाली ओढली. "अकोल्याला. ऑफिसात."

६

मडकं आलं. अर्धं रिकामं. उरलेली लाजरी कुठं कुठं वाटली गेली ते योगेशच्या संस्थेनं कधी नीट सांगितलं नाही. तिचा अर्ज निधीनं बाजूला ठेवला. मंडळालाही त्या खेपेला काही मिळालं नाही. मॅडमनी फोनवर साधनाला सांगितलं, आधी अर्ध्या मडक्याचं पूर्ण मडकं करा, मग मी पुन्हा येते. आणि बायकांनी केलं. पंजाबरावांनीच टेकडीखालचा आपला तुकडा पेऱ्याला दिला. खोलीचं म्हणाल तर अजूनही मागतात.

हिवाळ्यात कणसांनी माना घातल्या. सोंगणीत पाऊस आला आणि ओघळून गेला. मडकी भरायच्या दिवशी सगळ्या बायका खोलीत जमल्या. पार्बताबाईला कोणी बोलावलं नव्हतं, कोणी येऊ नको असंही म्हटलं नव्हतं. ती आली नाही. खोलीची किल्ली आता साधनाच्या खुंटीला होती.

राख झाली. लाजरी मुरवून झाली. पाला पसरून झाला. इंदूबाईंनी डबा उघडला आणि एक एक बिब्बा हलक्या हातानं पाल्यावर ठेवला. झाकणी बसवली. मग कडेला न बघता, दरवर्षी करायच्या तसाच, हात पुढं केला.

"पार्बते, चिखल दे."

खोलीतल्या साऱ्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. पुढं केलेला हात तसाच राहिला. शेवटी साधनानं घमेलं सरकवलं, आणि इंदूबाईंनी स्वतःच बोटं बुडवून मडक्याचं तोंड लिंपायला घेतलं. त्यांना ते नीट जमलं नाही. एका बाजूनं चिखल जाड झाला, दुसऱ्या बाजूला भेग राहिली. ती भेग त्या बराच वेळ अंगठ्यानं दाबत बसल्या होत्या.